समुद्र दिसणारा बंगला : कोकणात मोठं घर घेताना टोकनआधी काय बघायचं?

मृदगंध

नमस्कार मंडळी.

आम्ही दोघं ठाण्याचे. दोन-तीन वर्षांत दोघांचीही नोकरी संपेल. लेक बंगळूरला स्थिरावली आहे. मोठा फ्लॅट विकून ठाण्यात एक लहान जागा ठेवायची आणि उरलेल्या पैशांत एक ऐसपैस, मनासारखं घर घ्यायचं असं चाललंय. बजेट अडीच कोटींपर्यंत.

नवऱ्याचा ओढा नाशिककडे आहे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, द्राक्षबागांच्या मध्ये व्हिला बघितल्यापासून त्याला दुसरं काही दिसत नाही. माझा जीव कोकणात. माझं आजोळ दापोलीकडचं, सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. सध्या गुहागर पट्ट्यात एक घर मनात भरलंय. आंब्याच्या कलमांमध्ये चार बेडरूमचा बंगला, पश्चिमेला अख्खी काचेची भिंत, पुढे पोहण्याचा तलाव आणि त्याच्या काठावरून थेट समुद्र. बांधकाम अर्धं झालंय. एजंट म्हणतो, "समुद्रापासून अर्धा किलोमीटर आहे, सीआरझेडचा (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचा) प्रश्नच नाही. एनए (बिनशेती) होऊन जाईल. टोकन दिलंत तर हा भाव धरून ठेवतो."

टोकन देण्याआधी नक्की काय काय बघायचं? आणि नाशिकची बाजू माहीत असलेल्यांनीही लिहा, म्हणजे आमच्या घरातला वाद मिटेल.

कलमवाला

टोकन देऊ नका. सविस्तर रात्री लिहितो, बागेत फवारणी चालू आहे.

गुहागरी

अर्धा किलोमीटर कुठून मोजला ते आधी विचारा. पुळणीपासून? रस्त्यापासून? ओहोटीच्या पाण्यापासून? अंतर मोजतात ते भरतीरेषेपासून, आणि ती रेषा मंजूर नकाशावर आखलेली असते. आमच्या भागात खाड्या आत शिरलेल्या आहेत. समोरचा समुद्र लांब असतो आणि मागच्या वळणावर खाडी घराला टेकलेली असते. तिथे कांदळवन असेल तर गोष्ट आणखी वेगळी.

वकीलताई

गुहागरींशी पूर्ण सहमत. मृदगंधताई, इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एजंट लोक ते एका वाक्यात गुंडाळतात. ही जमीन तुम्हाला घेता येते का, हा एक. तिच्यावर हे घर उभं राहू शकतं का, हा दुसरा.

आधी पहिला. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती खरेदी होत नाही. "एनए होऊन जाईल" याचा अर्थ आज ती एनए नाही एवढाच. मग विकणाऱ्याने करून द्यावी, तिचा दाखला म्हणजे सनद तुमच्या हातात यावी, त्यानंतर खरेदीखत. जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल आणि प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य विभागात दाखवली असेल, तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही, रूपांतर कर भरून सनद मिळते. म्हणजे विकणाऱ्याला खरंच करायचं असेल तर मार्ग आहेत. तो का करत नाही, हे विचारा.

आता दुसरा. सीआरझेड १९९१ पासून आहे. सध्या २०११ आणि २०१९ या दोन अधिसूचनांची नावं तुमच्या कानावर येतील. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन घर नाही. २०१९ च्या अधिसूचनेत ही मर्यादा ५० मीटरवर आणली आहे, पण ती दाट वस्तीच्या गावांपुरती, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं राहतात. तुमच्या पट्ट्यातलं साधं वाडीवस्तीचं गाव त्यात बसणं कठीण. कांदळवन १००० चौरस मीटरहून मोठं असेल तर त्याच्या कडेने आणखी ५० मीटर सोडावे लागतात. हे सगळं १:४००० च्या नकाशावर, सर्व्हे नंबर टाकून, अधिकृत संस्थेकडून आखून घेता येतं. विकणाऱ्याकडे तो नकाशा मागा. नसेल तर त्याच्या खर्चाने करून घ्या.

देशाबाहेर पळून गेलेल्या नीरव मोदी या हिरे व्यापाऱ्याचा अलिबागजवळ किहीमला असलेला बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बांधकाम कितीही भक्कम असलं तरी कागद कच्चा असेल तर ते वाचत नाही.

तिसरी गोष्ट वारसांची, ती सवडीने लिहिते.

नाशिककर

आमच्या नाशिकची बाजू मांडतो. २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली, तेव्हा गंगापूर-सावरगावकडे संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू दिसायचं नाही. आज शनिवार-रविवारी त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग असते. हवा छान, पाणी आहे, मुंबई-पुणे दोन्ही आवाक्यात, चांगली रुग्णालयं शहरात. निवृत्तांना हे फार महत्त्वाचं आहे.

पण द्राक्षबागेत राहणं आणि द्राक्षबाग बघणं वेगळं. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, त्यानंतर केवडा आणि भुरी या बुरशीरोगांसाठी फवारण्या. ब्लोअरचा ट्रॅक्टर पहाटे सुरू होतो. पाऊस लांबला तर फवारण्या वाढतात, आणि ते औषध तुमच्या गच्चीवर येणारच. शेजारच्या शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे, त्याला थांबवणारे आपण कोण? घर बागेला चिकटून न घेता मध्ये झाडांचा पट्टा असलेलं घ्या. आणि जमिनीचा नियम इथेही तोच, कलम ६३ काही घाट उतरल्यावर सुरू होत नाही.

सातासमुद्रापार

मी कॅलिफोर्नियात, नापा या वाईनच्या द्राक्षबागांच्या खोऱ्यापासून तासाभरावर राहते. मृदगंध, तुझ्या नवऱ्याला जे दिसतंय ते इथे लोकांना पन्नास वर्षांपासून दिसतंय, म्हणून इकडचं थोडं लिहिते.

नापाच्या कौंटीने १९६८ मध्येच खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखून ठेवली. तेव्हा किमान २० एकरांखाली तुकडा पाडायचा नाही असं ठरलं, पुढे ती मर्यादा ४० एकर झाली. १९९० मध्ये मतदारांनी आणखी कडक केलं : शेतजमिनीचा वापर बदलायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. आज तिथलं देखणेपण टिकलंय ते त्यामुळे. आणि म्हणूनच तिथे घर घेणं अतोनात महाग आहे, कारण नवीन घरं होतच नाहीत.

पण तिथे घर घेतलेल्या माझ्या ओळखीच्या जोडप्याचं सध्या रोजचं बोलणं विम्याचं असतं. २०१७ आणि २०२० च्या वणव्यांनंतर डोंगराकडच्या घरांचे विमे मिळेनासे झाले किंवा हप्ते परवडेनासे झाले. शिवाय वसंतात दंव पडलं की बागांमधले मोठे पंखे रात्रभर घरघरतात, आणि तोडणीच्या दिवसांत मध्यरात्री दिवे लावून माणसं द्राक्षं तोडतात. तक्रार करायची सोय नाही, कारण शेती आधी आणि घर नंतर, हे तिथे कायद्यानेच ठरलंय. मला ते पटतं.

माझा स्वतःचा प्रश्न : मलाही रत्नागिरीत काजू-आंब्याची छोटी बाग आणि घर घ्यायचं आहे. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे.

वकीलताई

@सातासमुद्रापार, पासपोर्ट भारतीय असला तरी तुम्ही अनिवासी आहात. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. बिनशेती झालेल्या जागेवरचं घर घेता येतं. कुणी "बाग तुमच्या भावाच्या नावावर घेऊ आणि मग बघू" म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका.

पैसावसूल

इतकं घाबरवू नका हो त्यांना. हिशोब बघा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, मांडव्याला गाडीसकट रो-रो बोट जाते, गोव्यात मोपा आणि सिंधुदुर्गात चिपी विमानतळ झाले, किनारी महामार्गाचे पूल होताहेत. भाव वरच जाणार. तलाव असलेला चार बेडरूमचा बंगला नाताळात आणि मे महिन्यात रोजच्या भाड्याने सहज जातो. घर स्वतःचा खर्च स्वतः काढेल. कागद वकिलाने बघावेत, घेणाऱ्याने जागा हातची जाऊ देऊ नये.

जांभाचिरा

मी रत्नागिरीत घरं बांधतो. पैसावसूल यांनी तलावाचं नाव काढलं म्हणून तिथूनच सुरू करतो.

दहा मीटर लांब, पाच रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलाव म्हणजे ७५,००० लिटर पाणी. दहा हजारी टँकर साडेसात. हे फक्त एकदा भरायला. मे महिन्यात उन्हाने उडतं ते रोज वर घालायचं. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं उपसत गेलात की खालचं खारं वर चढतं. आधी बोअर मचूळ होते, मग शेजारच्या विहिरी. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, उलटा प्रकार : जांभ्यातून पावसाचं पाणी झरझर निघून जातं आणि मार्चनंतर कळशीभर पाण्याला वणवण. म्हणून घर बघायला जायचं ते एप्रिल-मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. विहिरीत डोकवा, दोर किती ओला होतो ते बघा, पाणी स्वतः चाखा, शेजारणीला विचारा की गेल्या वर्षी टँकर कधी लागला.

आता पश्चिमेची काचेची भिंत. तुम्ही बघायला गेलात तेव्हा आकाश निरभ्र असणार. जुलैत तिथे पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. आमच्या जुन्या घरांना पश्चिमेला पडवी असते, वळचण खाली उतरलेली असते आणि पावसाआधी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधतात, ते उगाच नाही. काच हवी तर लावा, पण तिच्यापुढे किमान आठ फुटांची पडवी घ्या. मग समुद्रही दिसेल आणि बैठकीत पाणीही येणार नाही.

अर्धं बांधकाम झालंय म्हणता, तर हे तपासा. समुद्राच्या हवेत आरसीसीला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं. काँक्रीटच्या क्यूबच्या चाचणीचे कागद मागा. वाळू कुठली वापरली ते मजुरांना विचारा, साहेबांना नको. खाडीची न धुतलेली वाळू असेल तर काही वर्षांतच स्लॅबच्या पोटाला तांबूस रेघा उमटतात आणि सळई फुगून काँक्रीट ढलप्यांनी गळतं.

सगळ्यात सोपी परीक्षा सांगतो. त्याच बिल्डरचं चार-पाच पावसाळे झालेलं घर बघायला मागा. दिवाणखाना बघू नका. समुद्राकडच्या दाराची खालची बिजागरी बघा, एसीच्या बाहेरच्या डब्याच्या पातळ पत्र्या बोटाने दाबून बघा. आमच्याकडे त्या बिस्किटासारख्या चुरतात. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टीलसुद्धा इथे डाग धरतं, ३१६ लागतं. जांभ्याची भिंत आतून गिलाव्याशिवाय ठेवलेली छान दिसते, पण पावसाळी बाजूला ती ओल शोषते. कपाट त्या भिंतीला लावलंत तर गणपतीपर्यंत साड्यांना बुरशी. लाकडात वाळवी येते, त्याला इलाज आहेत. ओलीला इलाज एकच, घर उघडं राहिलं पाहिजे, वारा खेळला पाहिजे.

भाकरीपिठलं

साड्यांचं वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना सांग, कपाटात कापराची वडी आणि पाय भिंतीपासून वीतभर पुढे." पोचवलं.

मालवणी मुलूख

माझा म्हणना येगळा आसा. तुमी येवा, घर बांधा, आमका आनंदच आसा. पण पाणंद बंद करू नकात. आमच्या गावात एका बंगलेवाल्यान दर्यार जावची वाट गेट लावन बंद केल्यान. साताबाऱ्यार ती वाट नाय, म्हणता. आज्या-पणज्यापासून त्याच वाटेन जाळा ओढणारी रापणीची माणसा जातत, म्हयत जाता, गणपती विसर्जनाक जाता. आता सगळ्यांका वळसो. त्या घरात वर्षातले धा म्हयने कोण नसता. गेट मात्र बंद.

वकीलताई

@मालवणी मुलूख, गेट लावून सहा महिने झाले नसतील तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावा. सहा महिने उलटले तर दिवाणी न्यायालय. वहिवाट सातबाऱ्यावर नसली तरी ती वहिवाटच असते, जुन्या जाणत्यांचे जबाब उपयोगी पडतात.

घेणाऱ्यांनी याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी. तुमच्या बंगल्यापर्यंत येणारी गाडीवाट कुणाच्या जमिनीतून येते? गावनकाशावर आहे का? "मालक आपला माणूस आहे" यावर कोट्यवधींचं घर घेऊ नका. नोंदणीकृत वाटेचा हक्क घ्या.

आता वारसांचं राहिलेलं. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर नावं इतकी असतात की लग्नपत्रिका वाटावी. निम्मे मुंबईत, काही वारलेले, काहींची वारसनोंदच नाही. आणि सर्वात जास्त वेळा राहून जातात त्या बहिणी. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आला, आणि वडील २००५ मध्ये हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. जुन्या रीतसर वाटण्या याला अपवाद. तेव्हा तीस वर्षांच्या दस्तनोंदींचा सर्च, सगळे फेरफार, वंशावळ, प्रत्येक बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर सही. एका भावाचा अविभक्त हिस्सा "स्वस्तात" घेतलात तर राहत्या घरात सामाईक ताबा मागायचा हक्कही तुम्हाला मिळत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ वाचा.

सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना भिंगाने वाचा. कूळ, कलम ४३ चा शेरा, भोगवटादार वर्ग २, खासगी वन, देवस्थान यातलं एक जरी दिसलं तरी थांबा.

मृदगंधताई, यावरून आठवलं. दापोलीला तुमचं आजोळ आहे म्हणालात. आजोबांच्या सातबाऱ्यावर आईचं नाव लागलंय का?

पैसावसूल

जांभाचिरा यांच्या पाण्याच्या हिशोबावर माझ्याकडे उत्तर नाही, ते मान्य. पण बंगले भाड्याने गेले तर गावात रोजगार येतो, हेही खरं आहे ना?

आगरातली

दिवेआगरला आमचं नारळ-पोफळीचं आगर. पैसावसूल, रोजगार येतो. माझी चुलत जाऊ अशाच एका बंगल्यात स्वयंपाक करते आणि तिला पैसे वेळेवर मिळतात. मी त्याविरुद्ध नाही. पण "घर स्वतःचा खर्च काढेल" हे ज्यांनी पावसाळा बघितला नाही ते म्हणतात. जून ते सप्टेंबर घर बंद, वीज जाणार, पंप जळणार, गडी ठेवावाच लागणार. त्याला बारा महिने पगार द्या. आठ महिने देऊन चार महिने "बघ काहीतरी" म्हणणारे मालक मी पाहिलेत आणि मग त्यांच्या घराला कुणी हात लावत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमची माडं-पोफळी एका दुपारीत आडवी झाली. वीज यायला कित्येक आठवडे लागले. तेव्हा एक गोष्ट दिसली. ज्या बंगल्यांचे मालक गावाशी बोलून-चालून होते, त्यांच्या छपरांवर दुसऱ्याच दिवशी गावातली पोरं ताडपत्री बांधायला चढली. बाकीचे उघडे राहिले, पावसात गाद्या-सोफे कुजले. कुणी सूड घेतला नाही, ज्याची आठवण झाली त्याच्याकडे माणसं गेली.

मृदगंध, पोफळ नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षं घेते. वादळाने पडलेली वाडी घेणार असाल तर त्या वर्षांचा विचार धरून किंमत करा. विकणारा जुन्या उत्पन्नाचे आकडे सांगेल.

कलमवाला

सकाळी अर्धवट सोडलं होतं. बंगल्याभोवतीच्या कलमांबद्दल लिहितो.

हापूसची बाग जाहिरातीत फुकटची शोभा म्हणून येते. कलमं कुणाच्या ताब्यात आहेत ते विचारा. आमच्याकडे बागा कराराने दिलेल्या असतात. करार शिल्लक असेल तर पुढच्या हंगामात करारदाराची माणसं, पेट्या, टेम्पो, राखणीला ठेवलेले नेपाळी राखणदार, सगळं तुमच्या अंगणात. तो त्याचा हक्क आहे. कल्टार (मोहोर आणणारं औषध) घातलंय का, किती वर्षं घातलंय, हे बुंध्याशी उभं राहून विचारा. बेतशीर घातलं तर ठीक, पण करार संपत आलेला माणूस कधीकधी भरमसाट घालतो आणि कलम दमतं. मोहोर आल्यावर थ्रिप्स या किडीसाठी फवारण्या होतात, त्यामुळे नाशिककर म्हणतात ते इथेही लागू. बेडरूमची खिडकी बागेकडे असेल तर डिसेंबर ते मार्च ती बंद ठेवायची तयारी हवी.

आणि कातळावर सपाटी करायला जेसीबी लावण्याआधी कातळ झाडून बघा. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपल्या जागेत हजारो वर्षांपूर्वीचा हत्ती कोरलेला निघाला तर त्यासारखं भाग्य नाही. त्याच्यावरून पोकलेन फिरवू नका.

गुहागरी

कलमवाला, सुंदर लिहिलंत. उक्षीचा हत्ती मी पाहिलाय, उन्हं कलल्यावर त्याची सोंड उठून दिसते.

मृदगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. दरम्यान बरंच घडलं म्हणून उशिरा आले.

त्या बंगल्याच्या एजंटला वकीलताईंनी सांगितलेले तीनच कागद मागितले : एनएची सनद, सीआरझेडचा सर्व्हे नंबर टाकलेला नकाशा आणि वाटेच्या हक्काचा दस्त. आधी "देतो" म्हणाला, मग "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणाला. आम्ही तिथेच थांबलो. गुहागरींनी सांगितल्याप्रमाणे बंगल्याच्या मागच्या बाजूला उतरून पाहिलं. घळीतून खाडीचा फाटा वर आलाय आणि कांदळवन कुंपणाच्या गडग्याला लागलंय. एजंटने आम्हाला नेहमी पुढच्या गेटने नेलं होतं.

आईचं नाव सातबाऱ्यावर नाही. मामेभावाशी फोनवर बोलले, त्याला विषय आवडला नाही. आई म्हणते, "मला जमीन नको, पण माझं नाव तिथे असायला हवं होतं." तिच्यासाठी वारसनोंदीचा अर्ज देणार आहोत. वाटणी मागणार नाही. त्या नावाचा मला घर घेताना उपयोग होवो न होवो, तिचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता केळशीकडे एक जुनं घर समोर आलंय. गावठाणातच आहे, मागे नारळ-पोफळीची लहान वाडी, दगडी विहीर, चौसोपी नाही पण ओटी-पडवी-माजघर शाबूत. समुद्र दिसत नाही, दहा मिनिटं चालत जावं लागतं. विकणारे तिघे भाऊ आणि दोन बहिणी, पाचही जणांशी आम्ही समोरासमोर बोललो. बहिणी सहीला तयार आहेत. नवरा विहिरीचं पाणी पिऊन आला आणि तेव्हापासून नाशिकचं नाव कमी घेतोय. प्रश्न दोन : जुन्या घरात आतून आधुनिक सोयी, दोन न्हाणीघरं, एक वरची खोली करता येईल का? आणि वाडीची हद्द एका बाजूला शेजाऱ्याशी धूसर आहे, तिचं काय करावं?

जांभाचिरा

घर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत येत असेल तर अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आहे त्या जोत्यावर, आहे त्या चटईक्षेत्रात करता येते. वरची नवीन खोली त्यात बसणार नाही, पोटमाळा आधीपासून असेल तर तो नीट करून घ्या. २०० ते ५०० मध्ये गावठाणातल्या घरांना तळ अधिक एक, नऊ मीटर उंचीपर्यंत वाव आहे, पण परवानगी घेऊनच. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आणि घराचा जुना फोटो जपून ठेवा, "हे घर इथे होतं" हे त्यावरूनच ठरतं.

न्हाणीघरं मागच्या बाजूला काढा, पण शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट. जांभा पाणी धरत नाही, खड्ड्यातलं सगळं विहिरीत पोचतं. कौलं काढून स्लॅब टाकायचा मोह टाळा. वासे बदला, कौलांखाली पत्रा घाला, माकडं कौलं फोडतात त्याचाही बंदोबस्त होतो. या सगळ्यानंतरही तुमच्या बजेटमधला मोठा भाग शिल्लक राहील. मग हातचं न राखता चांगला सुतार लावा.

आगरातली

केळशीला याल तर निरोप द्या. पावसाआधी झापं विणून देणारी एक मावशी ओळखीची आहे.

सातासमुद्रापार

मृदगंध, नवऱ्याला जानेवारीत द्राक्षं तोडायच्या दिवसांत नाशिकला महिनाभर भाड्याने घर घेऊन दे. दोघांचंही होईल.

वकीलताई

हद्दीसाठी मोजणी. तुम्हाला अर्ज करता येणार नाही, तो आजच्या खातेदारांनी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. विसार पावतीतच लिहून घ्या की मोजणी झाल्यावर आणि मोजणीच्या नकाशाची "क" प्रत हाती आल्यावरच पुढची रक्कम. फी जास्त भरून लवकरची, म्हणजे द्रुतगती मोजणी मागता येते. पावसाआधीच करून घ्या, नंतर रान माजतं आणि खुणा सापडत नाहीत.

मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते, पण तुम्ही दोघं आदल्या दिवशी त्या शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन या. मोजणीच्या वेळी तो स्वतः हजर असू द्या. खुणा पटल्या की भूकरमापकासमोर त्याची सही घ्या आणि त्याच दिवशी दगड पुरा.